शेवटच्या आजारातील रुग्णसेवा : व्यावसायिक वर्तन आणि नीती शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाकडे ‘एटकॉम’चे, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद या विषयांचे, तास हमखास येतात. क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ मध्ये लागू झाल्यापासून हे विषय एमबीबीएसच्या प्रत्येक टप्प्यात अनिवार्य आहेत. पहिल्या वर्षी मृतदेहाला पहिला गुरू मानण्यापासून सुरू झालेला हा प्रवास शेवटच्या टप्प्यात रुग्णाच्या मृत्यूला सामोरे जाण्यापर्यंत येतो. अडचण अशी की, नव्या शिक्षकाला स्वतःला हे कोणी पद्धतशीर शिकवलेले नसते. मग स्वायत्तता, हित, अहित टाळणे आणि न्याय ही चार तत्त्वे फळ्यावर लिहिली जातात, विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि वॉर्डात मात्र वरिष्ठ जसे वागतात तसेच वागतात. पुढील मार्गदर्शन अशा शिक्षकांसाठी, तसेच परिचर्या महाविद्यालयांतील पाठ्यनिर्देशकांसाठी आहे. डोळ्यांना दिसते ते वर्तन शिकवावे आणि तत्त्वे त्याच्या पाठोपाठ आणावीत, हा त्यामागील आग्रह आहे.

आधी वॉर्डाचे निरीक्षण करावे

पाठनियोजन लिहिण्यापूर्वी शिक्षकाने आपल्याच युनिटच्या राउंडकडे त्रयस्थ नजरेने पाहावे. ज्या रुग्णावर आता रोग बरा करणारा उपचार उरलेला नाही, त्याच्या खाटेपाशी राउंड किती वेळ थांबतो? तिथे कोण बोलते, आणि बोलणे रुग्णाशी होते की त्याच्या डोक्यावरून नातेवाइकांशी? ‘चालू ठेवा’ एवढे म्हणून सगळे पुढच्या खाटेकडे वळत असतील, तर विद्यार्थी त्या क्षणी एक धडा शिकलेले असतात, आणि तो कोणत्याही व्याख्यानापेक्षा पक्का बसतो. असा न लिहिलेला अभ्यासक्रम प्रत्येक विभागात असतो. त्याची नोंद घेतल्याशिवाय लिहिलेला अभ्यासक्रम शिकवण्यात फारसा अर्थ नाही.

या निरीक्षणातून चार-पाच ठोस वर्तने निवडावीत: रुग्णाला नावाने हाक मारून स्वतःची ओळख देणे, बसून बोलणे, वेदना किती आहे हे विचारून त्याची नोंद करणे, झालेल्या संभाषणाचा सारांश केसपेपरवर लिहिणे आणि सिस्टरांना त्याची कल्पना देणे. ‘सहानुभूती बाळगावी’ असे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘वाईट बातमी सांगण्यापूर्वी रुग्णाला काय माहीत आहे ते विचारले’ हे मोजता येते.

कायदा स्वतः नीट समजून घ्यावा

विद्यार्थ्यांचा, आणि खरे सांगायचे तर अनेक वरिष्ठांचाही, सर्वांत मोठा गोंधळ येथे असतो. विषारी इंजेक्शन देऊन जीवन संपवणे, निरुपयोगी ठरलेला कृत्रिम आधार काढून घेणे आणि मेंदूमृत (मेंदूचे कार्य कायमचे थांबलेल्या) व्यक्तीचा व्हेंटिलेटर बंद करणे या तीन अगदी वेगळ्या गोष्टी बोलताना एकत्र मिसळल्या जातात. पहिली गोष्ट भारतात बेकायदा आहे. दुसरीला सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या प्रक्रियेने परवानगी आहे. तिसरीत मुळात मृत्यू आधीच झालेला असतो.

दुसऱ्या गोष्टीचा इतिहास विद्यार्थ्यांना क्रमाने सांगावा. अरुणा शानभाग प्रकरणातील (ते पुढे येईलच) ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने जीवनाधार काढण्याला उच्च न्यायालयाच्या मंजुरीच्या अटीवर प्रथमच मान्यता दिली. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सन्मानाने मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीविताच्या हक्काचा, भाग असल्याचे सांगितले आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशांना, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘लिव्हिंग विल’ला, कायदेशीर स्थान दिले. मात्र त्या वेळची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सुटसुटीत झाली. आता असा निर्देश दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतो. वेळ आल्यावर रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ (उपचार करणारा डॉक्टर आणि किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ) मत देते. त्यानंतर दुय्यम मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि दोन वेगळे तज्ज्ञ असतात, ते मत तपासते. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. आधार काढण्यापूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. निर्देश लिहून ठेवलेला नसेल आणि रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच मंडळांची वाट घ्यावी लागते. मंडळांनी नकार दिल्यास उच्च न्यायालयाचे दार उघडे असते.

महाराष्ट्रात हे निर्देश जतन करण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अधिकारी नेमण्यात आले आहेत. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका विद्यमान न्यायमूर्तींनी स्वतःचा निर्देश नोंदवला, तेव्हा तिथे या विषयाला बरीच चालना मिळाली. आपल्या शहरात हा निर्देश स्वीकारणारा अधिकारी कोणत्या कार्यालयात बसतो, हे विद्यार्थ्यांनाच शोधून आणायला सांगावे. हा गृहपाठ लहान आहे, पण कायदा आणि प्रत्यक्ष यांतले अंतर त्यातून जेवढे कळते तेवढे व्याख्यानातून कळत नाही.

प्रकरणे निवडताना जवळची निवडावीत

परदेशी पाठ्यपुस्तकांतील प्रकरणे चांगली असतात, पण तिथले कुटुंब, तिथला विमा आणि तिथली न्यायालये आपल्या वॉर्डात नसतात. महाराष्ट्रात दोन प्रकरणे अशी आहेत की त्यांवर प्रत्येकी एक पूर्ण तास द्यावा.

पहिले अरुणा शानभाग यांचे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने त्या कायमच्या अचेतन अवस्थेत गेल्या आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ ४२ वर्षे केईएमच्या परिचारिकांनी, पिढ्या बदलल्या तरी, त्यांना भरवले, स्वच्छ ठेवले, कूस बदलली. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबवावे अशी याचिका केली, तेव्हा न्यायालयाने ती फेटाळली आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. विद्यार्थ्यांना ‘तुमचे मत काय’ असे लगेच विचारू नये, कारण लगेच दोन तट पडतात आणि वादविवाद स्पर्धा सुरू होते. त्याऐवजी प्रश्न क्रमाने विचारावेत. त्या मेंदूमृत होत्या का? (नव्हत्या. निम्म्या वर्गाचे उत्तर येथेच चुकते.) त्यांची स्वतःची इच्छा कोणाला माहीत होती? वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्याला त्या व्यक्तीच्या वतीने बोलण्याचा हक्क मिळतो का, की त्या नात्यामुळेच त्याचा निर्णय एका बाजूला झुकतो? आणि ज्या निकालात याचिका फेटाळली गेली, त्याच निकालाने पुढच्या रुग्णांसाठी वाट कशी उघडली?

दुसरे विनोबा भावे यांचे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात आजारी पडल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. येथे रुग्ण शुद्धीवर आहे, त्याची बुद्धी शाबूत आहे आणि तो डॉक्टरांना नाही म्हणतो आहे. सक्षम रुग्णाचा नकार मान्य करणे म्हणजे त्याला सोडून देणे नव्हे. मग डॉक्टरने त्या काळात नेमके काय करायचे, हा या तासाचा प्रश्न. तोंड कोरडे पडले तर ओलावा देणे, वेदना असेल तर ती शमवणे, रोज जाऊन बसणे ही उत्तरे विद्यार्थ्यांकडूनच यावीत. प्रायोपवेशन आणि संथारा (अन्नत्याग करून मरण स्वीकारण्याच्या परंपरा) यांच्या धार्मिक बाजूवर मते तीव्र असतात. त्यांना जागा द्यावी, मात्र चर्चा डॉक्टरच्या कर्तव्यावरून ढळू देऊ नये.

आपल्या वॉर्डातले प्रकरण घेताना वय, गाव, व्यवसाय आणि आजाराचे ओळखू येतील असे तपशील बदलावेत. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘अमुक तालुक्यातला सरपंच’ एवढ्यावरून माणूस ओळखता येतो.

संवादाचा सराव : सगळ्यांत जास्त वेळ येथे द्यावा

वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची ‘स्पाइक्स’ पद्धत बहुतेक विद्यार्थ्यांनी वाचलेली असते: जागा आणि वेळ ठरवणे, रुग्णाला काय समजले आहे ते जाणणे, त्याला किती ऐकायचे आहे ते विचारणे, मग माहिती, मग भावनांना प्रतिसाद आणि शेवटी पुढची आखणी. पायऱ्या बरोबर आहेत. पण आपल्याकडे बहुतेक वेळा पहिल्या पायरीच्याही आधी मुलगा डॉक्टरला दाराबाहेर बोलावतो. म्हणून भूमिकाभिनय तिथूनच सुरू करावा.

“डॉक्टर, जरा बाहेर येता का? बाबांना काही सांगू नका हं. ते खचून जातील.”

यावर विद्यार्थी दोनपैकी एक चूक करतात. एक तर “नाही, रुग्णाला सांगणं आमचं कर्तव्य आहे” असे नियम वाचून दाखवल्यासारखे बोलतात, किंवा “बरं, नाही सांगत” म्हणून सुटका करून घेतात. दोन्ही ठिकाणी संभाषण संपते. पुढील प्रकारचे उत्तर आधी ऐकवावे आणि मग ते प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत म्हणायला लावावे:

“तुम्हाला त्यांची किती काळजी आहे ते दिसतंय मला. त्यांनी तुम्हाला आजाराबद्दल काही विचारलंय का? काय वाटतं, त्यांना किती कल्पना आली असेल? मी स्वतःहून त्यांच्यावर काही लादणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर मी खोटं सांगणार नाही. आपण दोघं मिळून त्यांच्याशी बोलू या का?”

मग खाटेपाशी: “काका, तपासण्यांचे रिपोर्ट आलेत. सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू म्हणता?” काही काका म्हणतील, “त्यालाच सांगा, मला काय कळतंय त्यातलं.” हाही रुग्णाचाच निर्णय आहे आणि तो केसपेपरवर नोंदवावा. अनेक जण मात्र मुलाला खोलीबाहेर पाठवून म्हणतात, “मला माहीत आहे सगळं, पोराला सांगू नका.” दोघे एकमेकांना जपत असतात, आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला निवासी डॉक्टर गोंधळतो. हा प्रसंग मुद्दाम घडवून आणावा.

भूमिकाभिनय प्रमाण मराठीतच घ्यावा असा हट्ट धरू नये. विदर्भातल्या, कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या महाविद्यालयात रुग्ण जसे बोलतात तसे बोलणारा विद्यार्थी रुग्णाच्या भूमिकेत घ्यावा. इतर राज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना किमान दहा-बारा वाक्ये मराठीत नीट म्हणता यावीत, कारण मरणासन्न रुग्णाशी दुभाष्यामार्फत बोलणे दोघांनाही जड जाते. ‘आता काही उरलं नाही’, ‘देवाच्या हातात आहे’, ‘घरी घेऊन जा’ ही वॉर्डातली तयार वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि नातेवाइकाला त्यांतून काय ऐकू येते ते विचारावे. ‘काही उरलं नाही’ याचा अर्थ घरच्यांच्या लेखी ‘डॉक्टरांनी हात वर केले’ असा होतो. ‘आजार बरा करणारं औषध आता नाही, पण दुखणं आणि दम कमी करणारं औषध आहे, आणि ते आम्ही देत राहणार आहोत’ हे वाक्य लांब असले तरी खरे आहे.

गप्प बसण्याचा सरावही यातच येतो. बातमी सांगितल्यावर विद्यार्थ्याने लगेच आकडेवारी किंवा धीर देऊ नये. समोरची व्यक्ती बोलेपर्यंत थांबावे. पहिल्यांदा करताना हे फार अवघड वाटते.

वेदना हा नीतीचा विषय आहे

मॉर्फिनने श्वास बंद पडतो, सवय लागते, शेवट जवळ येतो, अशा भीतीने ते लिहिलेच जात नाही, हे अनेक वॉर्डांतले वास्तव आहे. योग्य मात्रेत सुरू करून वेदनेनुसार वाढवलेले तोंडी मॉर्फिन कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचे विश्वासार्ह औषध आहे. साधी गोळी साधारण दर चार तासांनी लागते आणि तिच्यासोबत रेचक द्यावेच लागते, हे विद्यार्थ्याला स्वतः लिहिता आले पाहिजे. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ही औषधे ठेवणे सोपे केले आहे. तरीही आपल्या रुग्णालयात ते मिळत नसेल, तर ‘उपलब्ध नाही’ एवढ्यावर तास संपवू नये. मान्यता मिळवण्यासाठी काय करावे लागते हे औषध भांडाराच्या प्रमुखांना वर्गात बोलावून सांगायला लावावे. शक्य असेल तिथे विद्यार्थ्यांना पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या काळजीच्या) केंद्रात एक दिवस न्यावे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या अशा रुग्णांची काळजी घेत आहे. तिथे रुग्ण शांत बसून चहा पीत असलेला पाहिला की मॉर्फिनबद्दलची भीती बरीच उतरते.

कागदावर काय लिहावे

तोंडी ठरलेले आणि कागदावर नसलेले निर्णय रात्रपाळीच्या ज्युनियरच्या अंगावर येतात. हृदय बंद पडल्यास सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न) करू नये असा निर्णय झाला असेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे आधाराला आहेत. त्यानुसार चर्चा कोणाशी झाली, कोणत्या कारणाने आणि कोणी ठरवले हे लिहावे, आणि ‘सीपीआर नको’ म्हणजे ‘उपचार नको’ नव्हे, हे सिस्टरांनाही स्पष्ट सांगावे. नातेवाइकांना दाखवण्यापुरता हळूहळू केलेला सीपीआर ही फसवणूक आहे. विद्यार्थ्याने तो पाहिला असेल तर त्यावर वर्गात बोलण्याची मुभा असावी, नाव न घेता.

‘घरी न्यायचंय’ हा प्रसंग नीट शिकवावा, कारण आपल्याकडे तो रोजचा आहे. स्वतःच्या घरात, माणसांत, तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल पडून प्राण जावा ही इच्छा अनेक कुटुंबांची असते. काही जणांच्या बाबतीत मात्र पैसे संपले हेच खरे कारण असते. दोघांकडूनही ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असे लिहून घेऊन त्यांना वाटेला लावणे ही सोय रुग्णालयाची असते. विद्यार्थ्याने आधी कारण विचारावे. कारण पैसा असेल तर समाजसेवा अधीक्षकांना बोलवावे. इच्छा खरी असेल तर रीतसर डिस्चार्ज कार्ड करावे, त्यावर निदान, वेदना आणि दम यांची औषधे, अडचण आल्यास फोन कोणाला करायचा हे लिहावे. हे कार्ड घरी मृत्यू झाल्यावर गावातल्या डॉक्टरांना प्रमाणपत्र देतानाही उपयोगी पडते.

मृत्यूनंतरचा अर्धा तास

मृत्यूची बातमी फोनवर किंवा जिन्यात देऊ नये, ‘गेले’ किंवा ‘मृत्यू झाला’ असे स्पष्ट सांगावे, नळ्या काढून चेहरा पुसून मगच घरच्यांना आत बोलवावे. यातले बरेचसे काम सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशी-मामा वर्षानुवर्षे करत आलेले असतात, म्हणून हा तास त्यांच्याकडूनच घ्यावा. बिल थकले म्हणून पार्थिव अडवून ठेवणे रुग्णहक्कांच्या विरुद्ध आहे, हे इंटर्नला ठाऊक असलेच पाहिजे.

मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, म्हणजे रुग्णालयातला नमुना ४, विनाशुल्क द्यायचे असते. त्यात ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढेच लिहिणे चुकीचे आहे. हृदय आणि श्वास प्रत्येकाचेच थांबतात. ते कशामुळे थांबले हे लिहायचे असते.

अवयवदानाची विनंती हा वेगळा प्रसंग आहे. १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करून मेंदूमृत्यू प्रमाणित करते, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. आपला माणूस गेला आहे हे कुटुंबाला समजण्याआधी दानाचा विषय काढला, तर ‘अवयवांसाठी घाई केली’ हा संशय कायम राहतो.

विद्यार्थ्याच्या मनावरचा ताण

पहिला मृत्यू पाहिल्यावर विद्यार्थी रडला तर ते अव्यावसायिक नाही. रुग्णाच्या घरच्यांनीच त्याला सावरावे लागावे, इतके होऊ नये, एवढीच मर्यादा. मृत्यू झाला त्याच दिवशी युनिटने बसून काय झाले, काय चांगले झाले, कशाचा त्रास झाला यावर थोडा वेळ बोलावे. वरिष्ठाने आधी बोलावे, नाही तर कोणीच बोलत नाही. लॉगबुकमधील चिंतनपर लेखनाला मात्र भाषेवरून गुण देऊ नयेत, अन्यथा सगळेजण एकसारखे भावुक परिच्छेद लिहायला शिकतात.

मूल्यमापन

लेखी प्रश्नात कायदा आणि प्रक्रिया तपासावी. वर्तन तपासायला ओएससीईचे (ठरावीक प्रसंग देऊन घेतलेल्या प्रात्यक्षिक परीक्षेचे) एक स्टेशन पुरते: दहा मिनिटे, वर दिलेला मुलगा-बाबांचा प्रसंग, आणि हो-नाही स्वरूपाची सूची. बसला का, आधी विचारले का, गप्प राहिला का, खोटा दिलासा दिला का, पुढची भेट ठरवली का. यासोबत वॉर्डाच्या परिसेविकेकडून वर्षातून दोनदा अभिप्राय घ्यावा, कारण शिक्षक समोर नसताना विद्यार्थी कसा वागतो हे त्यांनाच माहीत असते. त्यांना फार लांब फॉर्म देऊ नये: रुग्णाशी नीट बोलतो का, बोलावल्यावर येतो का, लिहून ठेवतो का, एवढे पुरे.

ज्या विद्यार्थ्याचे येथे कमी पडते, त्याला पुन्हा लेखी परीक्षा देऊन उपयोग नाही. पुढच्या महिन्यात त्याला कुटुंबीयांच्या दोन बैठकांत निरीक्षक म्हणून बसवावे, तिसऱ्या बैठकीचा सुरुवातीचा भाग त्याला बोलायला द्यावा, आणि त्याच दिवशी खोलीबाहेर उभे राहून काय जमले, काय नाही ते सांगावे.